हाळी परत मिळणेबाबत

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. माझ्याआधी आमच्याकडे कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मीही आत्ता कुठं दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेचे पेपर सोडले तर आजवर मी जे लिहिलं ते म्हणजे अर्ज. पोरगं कॉलेजात जातंय म्हटल्यावर त्याला अर्ज लिहिता येणारच, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. रेशनकार्डात नाव वाढवण्याचे, विजेचा खांब सरकवण्याचे असे बरेच अर्ज मी लिहिले. त्यांतले दोन माझ्या मामेबहिणीला लिहिलेले आहेत.

तिच्याबद्दल लिहायचा अधिकार ज्यांना गाण्यातलं आणि सिनेमातलं कळतं त्यांचा आहे, आणि त्यांनी लिहिलंही आहे. मला त्यातलं काही कळत नाही. मेंढरांच्या बाजूनं काय झालं तेवढं मात्र मला माहीत आहे, आणि ती बाजू कुठं छापून आलेली दिसली नाही. म्हणून हे धाडस करतो.

माझं गाव तेर. आईचं माहेर भूम तालुक्यात, ईटच्या जवळ. मामा मेंढपाळ. त्यांना एकच मुलगी, म्हणजे ताई. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामांकडे जायचो आणि आम्ही दोघं दिवसभर मेंढरांमागं फिरायचो.

ज्यांच्या घरी मेंढरं नाहीत त्यांना हाळी म्हणजे काय ते सांगायला हवं. संध्याकाळी तलावावर तीन-चार कळप पाण्याला येतात आणि एकमेकांत मिसळतात. सगळी मेंढरं सारखीच दिसतात. त्यांना वेगळं करायला कुणी काठी चालवत नाही. एकेक मेंढपाळ लांब जाऊन उभा राहतो आणि आपली हाळी देतो. त्याची तेवढी मेंढरं त्या गर्दीतून निघून त्याच्याकडे जातात, बाकीची पाणी पीत राहतात. प्रत्येकाची हाळी वेगळी. मामांची त्यांच्या वडिलांकडून आलेली. ती छातीतून घरघरत निघते, मध्येच तुटते, आणि पुन्हा जोडली गेली की इतकी वर चढते की ऐकणाऱ्याच्या दाताला कळ लागते. ताई सहा वर्षांची असताना मामांच्या घोंगडीत बसून ती शिकली. मीही प्रयत्न केला होता. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. फक्त कुत्रं आलं आणि माझ्या शेजारी बसलं. मला वाटतं, त्याला माझी दया आली.

बारावीनंतर ताई औषधनिर्माणशास्त्राच्या डिप्लोमाला पुण्याला गेली. तिथं एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत चार पोरं गिटार आणि ड्रम वाजवायची. त्यांच्याकडे गाणारा होता, पण ओरडायला कुणी नव्हतं. असं ताईनंच मला सांगितलं. पोरं ओरडायची ती गिरणीच्या आवाजात बुडून जायची. ताईनं एकदा ओरडून दाखवलं तेव्हा खाली गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला आणि काय झालं बघायला वर आला. त्याच दिवशी तिला घेतलं. दोन-तीन महिन्यांत मूळचा गाणारा सोडून गेला आणि सगळं गाणं तिच्याकडे आलं. एका कॉलेजातल्या कार्यक्रमात मध्येच वीज गेली, तर ही माईकशिवाय गात राहिली आणि शेवटच्या रांगेतली पोरं नाचत राहिली.

ही हकीकत गावात पोचली तेव्हा मामा खूश होते. ज्याला-त्याला सांगायचे, "माईक लागत न्हाय तिला."

"पर गाती काय?" लोक विचारायचे. मामा माझ्याकडे बघायचे, कारण मी शिकलेला.

मी सांगितलं, "मामा, त्याला रॉक म्हणतात. गिटार असतं, मोठे ढोल असतात, आणि गाणारा चिडलेला असतो."

"कुणावर?"

"तसं नक्की काही नसतं."

"मग चिडायचं कशापायी?"

मामांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "असू दे. पुण्यात चिडायला कारण लागत नसंल."

त्यांनी गाणं मात्र ऐकलेलं नव्हतं. त्यांचा मोबाईल साधा, बटणांचा. ते ऐकलं ते ईटमधल्या एका लग्नात, आणि ते काही त्यांना ऐकवावं म्हणून कुणी लावलेलं नव्हतं.

लग्न दुपारचं होतं. जेवणाची पंगत बसली होती. मामांची मेंढरं दोन शेतं सोडून चरत होती, दीडशेच्या आसपास. मी पंगतीत वाढत होतो. नवरदेवाच्या दोस्तांना कळलं की ही गायिका ह्याच भागातली, म्हणून त्यांनी डीजेवाल्याला तिचं गाणं लावायला सांगितलं. ते तोवर मोबाईलवर सगळीकडे गाजलं होतं. आधी गिटार वाजलं, मग ड्रम, मग ताईचा आवाज आला. वऱ्हाड जेवत राहिलं. आणि गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्यं अचानक थांबली आणि ताईनं हाळी दिली. मामांची. जशीच्या तशी, मधल्या तुटीसकट.

माझ्या हातातली भाताची परात तशीच राहिली. काय होणार ते मांडवात फक्त मला कळलं होतं, आणि मला ते कुणाला सांगता येईना.

मेंढरं बांध ओलांडून आली. मांडवाची कनात त्यांनी खालून उचलली आणि पंगतीत शिरली. त्यांना स्पीकर कळेना, ताई दिसेना, म्हणून ती ताटांसमोर उभी राहिली आणि मग पत्रावळ्या खाऊ लागली. नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्या बाईंना वाटलं की आमच्याकडची ही रीतच आहे. त्यांनी कळपाच्या पुढच्या मेंढ्याला हळदकुंकू लावलं. ते बघून फोटोवाल्यानं नवरा-नवरीला मेंढ्याजवळ उभं केलं. तो फोटो अल्बममध्ये आहे.

मामा काठी घेऊन धावत आले. त्यांनी मेंढरं बाहेर काढली आणि बांधापर्यंत नेली. पण डीजेवाल्यानं गाणं पुन्हा पुन्हा लागेल असं लावलेलं होतं, आणि आता तो घाबरून गाडीवर चढून बसला होता. मेंढरं बांधाला पोचली की इकडून ताई पुन्हा हाळी देई आणि ती परत मांडवात येत. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मामांनी हाकणं सोडून दिलं. ते त्या उंच स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले आणि पूर्ण गाणं त्यांनी तिथं ऐकलं. मेंढरंही त्यांच्या मागं उभी राहून ऐकत होती.

"आवाज तिचा हाय," ते मला म्हणाले. "हाळी माझी हाय."

मला वाटलं ते अभिमानानं म्हणताहेत. तसं नव्हतं. पुढच्या महिन्याभरात मला ते कळलं. ईटच्या चहाच्या टपरीवर बसलेली पोरं मेंढरं दिसली की मोबाईलवर गाणं लावायची, आणि मेंढरं टपरीसमोर येऊन उभी राहायची, गिऱ्हाइकासारखी. भूमच्या बाजारात दुसरे मेंढपाळ म्हणायचे, "या पाव्हणं! तुमची मेंढरं आता तुमची कुठं, साऱ्या महाराष्ट्राची झाली." मामा हसायचे नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच होतं.

"उद्या कुणीबी टेम्पू लावील," ते म्हणाले. "फळका खाली सोडील, मोबाईल वाजवील. आन् माझी मेंढरं आपल्या पायानं वर चढत्याल. चोराला हात बी लावाया लागणार न्हाय. घराची किल्ली पोरीनं गावभर वाटली रं."

त्या लग्नानंतर मामा ताईशी बोलेनासे झाले. तिचा फोन आला की मामीकडे देऊन बाहेर जायचे. ताई मला फोन करायची. कार्यक्रम कसा झाला, किती लोक आले, हे सगळं सांगून झालं की शेवटी वडिलांचं विचारायची, "आबा काय म्हनले?" माझ्याकडे सांगायला काही नसायचं. दोघंही मला जवळची. ह्या दोघांनी पुन्हा बोलावं एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी माझ्याकडे अर्ज लिहिण्याशिवाय कुठलीही विद्या नव्हती.

अर्जाची कल्पना मामांचीच.

"बोलायचं न्हाय म्हनलंय म्या," ते म्हणाले. "अर्ज करायला काय हरकत हाय? अर्ज म्हंजी काय बोलनं न्हवं."

मग आम्ही वाड्याजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायला लावलेल्या जाळीजवळ बसलो आणि मी लिहिलं :

"प्रति, गायिका, मुक्काम पुणे. विषय : हाळी परत मिळणेबाबत. महोदया, विनंतीपूर्वक अर्ज करतो की, आमची वडिलोपार्जित हाळी आपण आमच्या परवानगीशिवाय गाण्यात घातली असून त्यामुळे मेंढरे सैरभैर झाली आहेत. तरी सदर हाळी गाण्यातून काढून आम्हांस परत करावी, ही विनंती."

खाली काय लिहायचं ते मी विचारलं. "आपला विश्वासू लिहू, का तुझे वडील लिहू?"

मामांनी बराच वेळ काठीनं माती उकरली. "अर्जात वडील बसतं का?"

"नाही बसत."

"मग न्हाय."

मी 'आपला विश्वासू' लिहिलं, मामांनी सही केली, आणि मी अर्जाचा फोटो ताईला पाठवला. तिचं उत्तर आवाजात आलं. आधी ती पुष्कळ हसली. 'महोदया' हा शब्द तिनं दोनदा म्हणून बघितला. मग पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"आबांना सांग," ती म्हणाली, "म्या हाळी चोरली न्हाय. त्यांच्याच घोंगडीत शिकलीया. त्या गाण्यात गिटार पोरांचं, ढोल पोरांचं, शब्दसुदीक पोरांचं. माझं तेवढंच हाय. ते काढलं तर म्या तितं कशाला हुबी ऱ्हाऊ?"

मी मामांना ते ऐकवलं. मोबाईल मी हातात धरला होता आणि ते दुसरीकडे बघत होते, पण ऐकत होते.

"मग तिनं दुसरी बनवायची हुती," ते म्हणाले. आणि काठी टेकून उठत, "ऱ्हाऊ दे. म्याच बनवतो."

अशा रीतीनं, ज्या वर्षी ताई सिनेमात गेली त्याच वर्षी मामा नवी हाळी बनवायला बसले.

सिनेमाचं असं झालं की एका दिग्दर्शकानं ते गाणं ऐकलं आणि तिला थेट मुख्य भूमिकेसाठी बोलावलं. असा आवाज आपण कधी ऐकलेला नाही, असं त्यानं तिला सांगितलं. आणि भूमिका दिली मुक्या मुलीची. ताईनं त्याला विचारलं की आवाजासाठी घेतलं तर मग मुकी कशाला? तो म्हणाला, तुझ्या गप्प बसण्यातसुद्धा तो आवाज ऐकू येतो. ताईला हे पटलं. मला फोनवर सांगताना ती फार गंभीर होती. मीही गंभीरपणे ऐकलं. पण गावात हे कसं सांगायचं ते मला सुचेना, म्हणून मी सांगितलंच नाही. ती माझी चूक.

सिनेमा धाराशिवला लागला तेव्हा दोन पिकअप भरून लोक आले. दुपारचा खेळ. तिकिटं मीच काढून ठेवली होती. मामा येणार नाहीत असं मामीनं कळवलं होतं. दिवे गेले. ताई पडद्यावर आली तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत शिट्ट्या, टाळ्या सगळं झालं. मग सगळे ती बोलायची वाट बघू लागले.

अर्ध्या तासानं मागून कुणीतरी ओरडलं, "ए, आवाज वाढव रं!"

आवाज वाढवला. दार वाजलं की आता तोफ उडाल्यासारखं वाटायचं, पण ताई गप्पच. मध्यंतरात वडापाव खाताना चर्चा झाली. गावातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "पुण्याच्या थेटरात बोलत असंल ती. मराठवाड्यात यायच्या आधी काढून टाकलं असंल."

"आपल्याला कवा पुरतं मिळालंय?" दुसरे म्हणाले. सगळ्यांना हे पटलं. मी सांगायचा प्रयत्न केला की ती भूमिकाच मुकी आहे. तर एक काकू म्हणाल्या, "असं कसं? बोलती पोरगी हाय ती, म्या वळखते तिला."

दुसऱ्या अर्ध्या भागात मी मागे बघितलं तर शेवटच्या रांगेत, भर मे महिन्यात, कुणीतरी घोंगडी डोक्यावरून घेऊन बसलेलं. मी उठून शेजारी जाऊन बसलो.

"तू मला बगितलं न्हाय," घोंगडीतून मामा म्हणाले. आवाज त्यांचा घोगरा झाला होता. नव्या हाळीचा तो परिणाम. ते सांगतोच. "तिला सांगशील तर बग."

मी कबूल केलं.

सिनेमाच्या शेवटी ताई एका टेकडीवर एकटी उभी राहते, तोंड उघडते आणि ओरडते. मानेच्या शिरा तट्ट फुगतात आणि आवाज येत नाही. थेटरात कुणीतरी पुन्हा आवाज वाढवायला सांगितलं. मामांनी मात्र काठी घट्ट धरली आणि पडद्याकडे वाकले.

"निगाली बग," ते पुटपुटले. "छातीतनं निगाली... आता तुटली... आता वर. वर." पडद्यावर ताईनं तोंड मिटलं तसे मामा मागे टेकले. "बराबर हाय. हाळीच दिली तिनं." मग घोंगडी सावरत म्हणाले, "ही बरी. हिनं कुणाची मेंढरं यायची न्हाईत."

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. सिनेमा लोकांना आवडला का हे तिनं विचारलंच नाही. "आबा आले हुते?"

मी शब्द दिलेला होता. म्हणालो, "माहीत नाही गं." मला त्या उत्तराचं अजून वाईट वाटतं.

आता नव्या हाळीबद्दल. मामांनी शिट्टी वाजवून बघितली. जिभेनं टाळूवर टकटक करून बघितली. एसटीचा कंडक्टर ओरडतो तसं गावांची नावं घेऊन बघितलं. मेंढरं त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघायची आणि चरायची. मामी चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसायची. मामांनी हट्ट सोडला नाही. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत ते नव्या हाळ्या देत राहिले, आणि जुनी चुकून तोंडातून जाऊ नये म्हणून घसा वेगळाच आवळून धरायचे. सिनेमा लागला तोवर आवाज घोगरा झाला होता. आषाढापर्यंत तो पूर्ण गेला. डॉक्टरांनी सांगितलं, घशातल्या पडद्यावर फोड आलेत. सहा महिने एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही.

मामी म्हणाली, "तिच्याशी बोलत न्हवते, आता आमच्याशी बी न्हाईत. झाली बरोबरी."

मी सुट्टी काढून गेलो तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तलावावर तीन कळप मिसळले. बाकी दोघांनी हाळ्या दिल्या, त्यांची मेंढरं निघून गेली. मामांची मेंढरं काठावर तशीच उभी. मामांनी हातवारे केले, काठी आपटली, घोंगडी हवेत फिरवली. मामीनं हाका मारल्या. मेंढरांना ह्या घरची हाळी हवी होती, आणि ती द्यायला कुणी नव्हतं. दुसरे दोघे मेंढपाळ थांबून बघत होते. चेष्टा करत नव्हते, हे जास्त वाईट होतं.

मामा माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझ्या खिशात हात घालून मोबाईल काढला. तो माझ्यासमोर धरला.

"डॉक्टरांना लावू?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मोबाईलवर बोट आपटलं, मेंढरांकडे बोट केलं, मग स्वतःच्या घशाकडे, मग पुण्याच्या दिशेनं. मला समजायला वेळ लागला.

"ताईचं गाणं?"

मामा तलावाकडे बघू लागले आणि तिकडे बघतच त्यांनी होकार दिला.

मी गाणं लावलं. आधी गिटार. ते संपता संपेना. आम्ही पाच माणसं आणि दीडशे मेंढरं त्या काठावर निमूट उभे राहून गिटार ऐकत होतो. मग ड्रम. मग ताईचं चिडणं. मामा खाली बघत उभे. आणि मग हाळी. पुढचा मेंढा वळला आणि सगळी मेंढरं पाणी सोडून आमच्याकडे आली. एका मेंढपाळानं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात मामी भूमच्या बाजारातून एक जुना टचचा मोबाईल आणि एक लाल स्पीकर घेऊन आली. तो दोरीनं मामांच्या गळ्यात अडकवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी पूर्ण गाणं वाजू लागलं. मधूनच सुरू करता येतं हे मी मामांना दाखवलं होतं, पण त्यांचं जाड बोट मोबाईलवरच्या त्या बारीक रेघेवर नीट बसायचं नाही आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लागायचं. मेंढरांना सवय झाली. गिटार सुरू झालं की चरणं थांबवून माना वर करायची. ड्रमला पुढचा मेंढा वळून उभा राहायचा. हाळीला सगळी निघायची. ड्रमच्या वेळी मामांच्या काठीचं टोक जमिनीवर हलायचं, हेही मी पाहिलं. विचारलं नाही.

मधल्या काळात ताईनं दुसऱ्या एका सिनेमात फौजदारणीचं छोटं काम केलं आणि तिसऱ्यात धनगरणीचं. ह्या तिसऱ्यात तिला बोलायला होतं, एवढंच नाही तर हाळी द्यायची होती. शूटिंगला भाड्याची मेंढरं आणलेली. तिनं जीव तोडून हाळी दिली आणि एक मेंढरू हललं नाही. ती परकी मेंढरं, तिची हाळी कशाला ओळखतील? दिग्दर्शक म्हणाला, गाण्यातल्यासारखी दे. ताईनं त्याला समजावायचा प्रयत्न केला. शेवटी वॉकीटॉकी घेतलेली आठ माणसं मेंढरांच्या मागून ढकलत राहिली. सिनेमाची जाहिरात मी मामांना मोबाईलवर दाखवली. त्यात ताई कोकरू छातीशी धरून उभी होती. मामांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी केलं, उठले, वाड्यातून एक कोकरू आणलं आणि मागचे पाय कसे हातात घ्यायचे ते धरून मला दाखवलं. मग पडद्याकडे बोट करून जोरात नकाराची मान हलवली. ते मोबाईलमधल्या ताईला दाखवत होते की मला, ते कळलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी मला कागद आणायची खूण केली. ह्या वेळी अर्ज लिहायला पूर्ण दुपार लागली, कारण त्यांना बोलता येत नव्हतं आणि मला खुणा कळत नव्हत्या. अडचण अशी होती की स्पीकर स्वस्तातला, गिटार आणि ड्रम वाजेपर्यंत त्याचं चार्जिंग संपायचं. मग हाळीच्या आधीच गाणं बंद पडायचं आणि मेंढरं माना वर करून तशीच उभी राहायची.

"प्रति, गायिका व अभिनेत्री. विषय : हाळी वाद्यांशिवाय मिळणेबाबत. संदर्भ : आमचा पूर्वीचा अर्ज. महोदया, पूर्वीचा अर्ज रद्द समजावा. हाळी गाण्यातून काढू नये. तथापि गिटारीत चार्जिंग जात असल्याने फक्त हाळी वेगळी करून पाठवावी, ही विनंती."

खाली मी 'आपला विश्वासू' लिहू लागलो तर मामांनी माझं मनगट धरलं. बोटानं ते शब्द पुसल्यासारखं केलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी बघत राहिलो. त्यांनी पुन्हा ठेवला.

"अर्जात बसत नाही, मामा," मी म्हणालो.

त्यांनी काठी उचलली, म्हणून मी 'तुझे वडील' असं लिहिलं.

फोटो पाठवला. तिनं तो बघितल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. माझी परीक्षा सुरू झाली आणि मी तेरला परत आलो. रोज सकाळी एसटीनं धाराशिवला जाताना मी मोबाईल बघायचो. मला वाटू लागलं की मी शब्द चुकीचे वापरले. 'तथापि'मुळे तिला राग आला असेल. एखादं साधं पत्र मला लिहिता यायला हवं होतं.

चौथ्या पेपराच्या दिवशी, मी कॉलेजच्या फाटकात उभा असताना मामीचा फोन आला. मागं मेंढरांचा एवढा गलका होता की ती ओरडून बोलत होती.

"आलीया!" मामी म्हणाली. "काल दुपारच्या गाडीनं. रेकॉर्डिंग पाठवायचं सोडून सोताच आली. म्हनली, वाद्याबिगर पायजे ना, मग ही घ्या."

"मग? दिली हाळी?"

"दिली की! तलावावर हुबी ऱ्हाऊन दिली. आन् एक बी मेंढरू आलं न्हाय."

"का?"

"आरं, त्यास्नी गिटारीची सवय लागलीया! गिटार न्हाय वाजली तर येत्यात कुठली! नुसती माना वर करून बघत्यात, आता वाजंल, मग वाजंल. मग काय करती बिचारी, आधी तोंडानं गिटार वाजवली. टँव टँव टँव करीत. पार पयल्यापसनं सगळी. आज मेंढरं सोडताना बी तसंच चाललंय."

घंटा झाली होती, पोरं आत जात होती.

"आणि मामा?" मी विचारलं.

"ते व्हय?" मामी म्हणाली. "ते तिच्या मागं बसल्यात. घमेलं पालथं घालून ढोल वाजवायल्यात."